सीएफडीचे उत्तर कसे तपासावे: सुरुवात एका सरळ पाइपपासून

आतून गुळगुळीत, 100 मिलिमीटर व्यासाच्या आणि 10 मीटर लांबीच्या सरळ पाइपमधून पाणी सेकंदाला सरासरी 2 मीटर वेगाने वाहत असेल, तर या लांबीत दाब किती कमी होईल? हे उत्तर काढण्यासाठी संगणक लागत नाही. वेग आणि व्यास यांचा गुणाकार करून त्याला पाण्याच्या गतिक श्यानतेने (कायनेमॅटिक व्हिस्कॉसिटी, म्हणजे श्यानता भागिले घनता) भागले की रेनॉल्ड्स अंक मिळतो, तो येथे 2 लाख येतो; त्यावरून घर्षण गुणांक साधारण 0.0156 मिळतो, आणि हे आकडे डार्सी-वाइसबाख सूत्रात घातले की दाबातील घट सुमारे 3,100 पास्कल येते. कागद, पेन्सिल आणि पाच मिनिटे एवढेच भांडवल पुरते.

संगणकीय प्रवाहशास्त्र, म्हणजे अभियंत्यांच्या रोजच्या बोलण्यातले सीएफडी, शिकू इच्छिणाऱ्याने पहिला प्रश्न हाच सोडवावा असे माझे मत आहे. मोटारीभोवतीची हवा, पंपाचा इम्पेलर किंवा सर्व्हर रूममधील थंड हवेचे वाटप हे विषय आकर्षक असतात, परंतु तेथे आलेले उत्तर बरोबर की चूक हे नवशिक्याला कळण्याचा मार्ग नसतो. सॉफ्टवेअर मध्येच कोसळले नाही तर ते काही ना काही रंगीत चित्र देतेच, आणि चुकीच्या उत्तराचे चित्र बरोबर उत्तराच्या चित्राइतकेच देखणे असते. ज्या प्रश्नाचे उत्तर आधीच हातात आहे, त्या प्रश्नावर सॉफ्टवेअर काय करते हे पाहिल्याशिवाय त्याच्यावर किती विसंबावे याचा अंदाज येत नाही.

प्रवाहाची मूळ समीकरणे जुनी आहेत. फ्रान्सच्या नाविए यांनी 1822 मध्ये आणि केंब्रिजच्या स्टोक्स यांनी 1845 मध्ये त्यांना जे रूप दिले, तेच आजही वापरले जाते. त्यांचा आशय जमाखर्चाचा आहे: अवकाशातील एक छोटासा भाग घ्यावा, त्यात किती वस्तुमान आले, किती गेले, संवेग किती आला, किती गेला आणि दाब व घर्षण यांनी त्यात किती भर घातली किंवा घट केली याचा हिशेब मांडावा, आणि तो जुळलाच पाहिजे असा आग्रह धरावा. अडचण हिशेबाच्या तत्त्वात नाही. पाण्याचा वेग स्वतःलाच वाहून नेतो, त्यामुळे समीकरणात वेगाचा वेगाशीच गुणाकार येतो आणि काही मोजके सोपे आकार सोडले तर त्याचे नेमके उत्तर सूत्ररूपात लिहिता येत नाही. तीन मितींमध्ये या समीकरणांचे सुरळीत उत्तर नेहमी अस्तित्वात असते का, हे सिद्ध करणाऱ्यासाठी क्ले गणित संस्थेने 2000 मध्ये दहा लाख डॉलरचे पारितोषिक जाहीर केले. ते अद्याप कोणी मिळवलेले नाही. अभियंता मात्र त्या सिद्धतेची वाट पाहत थांबू शकत नाही. तो अवकाशाचे लहान तुकडे पाडतो, प्रत्येक तुकड्याला सेल म्हणतो, सर्व सेलच्या समूहाला मेश म्हणतो आणि प्रत्येक सेलचा जमाखर्च बीजगणिताच्या साध्या समीकरणात लिहितो. दहा लाख सेल असतील तर एकेका राशीसाठी दहा लाख समीकरणे उभी राहतात आणि ती सोडवण्याचे काम संगणकावर सोपवले जाते.

हे तुकडे पाडताना पहिली तडजोड होते, आणि ती स्वतःच्या हाताने करून पाहण्यासारखी आहे. एका मितीतील प्रवाह घ्यावा, ज्यात उष्णता वाहूनही नेली जाते आणि पसरतेही. दोन्ही टोकांचे तापमान ठरवून द्यावे. याचे नेमके उत्तर घातांकी सूत्राने मिळते. आता पायथॉनमध्ये वीस सेलचा छोटा प्रोग्राम लिहावा. दोन शेजारी सेलच्या सीमेवरचे तापमान म्हणून दोघांची सरासरी घेतली, तर प्रवाह मंद असेपर्यंत उत्तर छान जुळते. परंतु वेग वाढून सेलचा पेक्ले अंक, म्हणजे उष्णता वाहून नेली जाणे आणि पसरणे यांचे गुणोत्तर, 2 च्या वर गेला की तापमान एका सेलमध्ये वर, पुढच्यात खाली असे डोलू लागते आणि टोकांच्या तापमानांच्या मर्यादेबाहेरचे, निसर्गात अशक्य असलेले आकडे दाखवते. सरासरीऐवजी प्रवाह ज्या बाजूने येतो त्या बाजूच्या सेलचे तापमान घेतले, म्हणजे अपविंड पद्धत वापरली, तर डोलणे थांबते, पण त्या बदल्यात उष्णता प्रत्यक्षापेक्षा अधिक पसरलेली दिसते. हे पसरणे पाण्याचे किंवा हवेचे नसते, ते गणिताने पदरचे घातलेले असते. पहिल्या क्रमाची अपविंड पद्धत नेहमी स्थिर उत्तर देते आणि म्हणूनच धोकादायक आहे: गरम आणि थंड प्रवाहांमधील धारदार सीमा ती पुसून टाकते आणि मिश्रण उत्तम झाले असा समज करून देते. व्यावसायिक सॉफ्टवेअरच्या मेनूमध्ये ‘फर्स्ट ऑर्डर’ आणि ‘सेकंड ऑर्डर’ असा जो पर्याय दिसतो, त्यामागे ही गोष्ट आहे. शंभरएक ओळींचा हा प्रोग्राम ज्याने लिहिला आहे, तो तो पर्याय डोळे मिटून निवडत नाही.

दुसरी अडचण दाबाची. पाणी जवळजवळ दाबले जात नाही, आणि अशा प्रवाहात दाबासाठी स्वतंत्र समीकरण उरत नाही. वेगाची समीकरणे आहेत, त्यांत दाब येतो. वस्तुमानाचे समीकरण आहे, त्यात दाब येतच नाही. मग दाब काढायचा कसा? या प्रश्नाचे सर्वाधिक वापरले गेलेले उत्तर ज्यांच्या नावाशी जोडलेले आहे, त्यांपैकी एक मराठी आहेत, हे आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना अनेकदा ठाऊक नसते. सुहास पाटणकर यांनी पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून 1962 मध्ये पदवी घेतली, आयआयटी मुंबईतून एमटेक केले आणि लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये ब्रायन स्पाल्डिंग यांच्याकडे पीएचडी केली. पुढे ते अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात प्राध्यापक झाले. पाटणकर आणि स्पाल्डिंग यांनी 1972 मध्ये ‘सिंपल’ ही पद्धत मांडली. तिची रीत अशी: दाबाचा एक अंदाज धरावा, त्यावरून वेग काढावेत, प्रत्येक सेलचा वस्तुमानाचा जमाखर्च तपासावा आणि जेथे जास्त आले व कमी गेले तेथे दाब वाढवावा, जेथे उलट झाले तेथे कमी करावा. मग दुरुस्त दाबावरून पुन्हा वेग, पुन्हा तपासणी, आणि हिशेब जुळेपर्यंत हेच चक्र.

या चक्रात प्रत्येक दुरुस्ती पूर्ण लावली तर ती प्रमाणाबाहेर जाते आणि उत्तर भरकटते, म्हणून तिचा काही अंशच लावतात. अनेक सॉफ्टवेअरमध्ये दाबासाठी 0.3 आणि वेगासाठी 0.7 असे जे रिलॅक्सेशनचे आकडे आधीपासून भरलेले असतात, ते या कारणाने. हे आकडे उत्तर काय येणार ते ठरवत नाहीत, उत्तरापर्यंत पोहोचण्याची चाल ठरवतात. स्थिर प्रवाहाचे गणित कोसळत असेल तर ते थोडे कमी करून पाहणे रास्त आहे. मात्र बहुतेक वेळा दोष वाईट आकाराच्या सेलमध्ये किंवा चुकीच्या सीमा-अटीत, म्हणजे प्रवाहाच्या कडांवर आपण ठरवून दिलेल्या वेग-दाबात असतो, आणि तो तेथेच शोधावा.

तिसरी अडचण सर्वांत मोठी आहे आणि ती कोणत्याही संगणकाने पूर्णपणे सुटलेली नाही. ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी 1883 मध्ये मँचेस्टर येथे काचेच्या नळीतील पाण्यात रंगाची बारीक धार सोडून दाखवले की वेग कमी असताना ती धार सरळ रेषेत जाते आणि एका मर्यादेपुढे अचानक फुटून सगळ्या नळीत पसरते. पाइपसाठी ही मर्यादा रेनॉल्ड्स अंक 2,300 च्या आसपास मानली जाते. आपल्या पाइपमध्ये तो 2 लाख आहे, म्हणजे प्रवाह पूर्णपणे प्रक्षुब्ध आहे आणि त्यात पाइपच्या व्यासाएवढ्या भोवऱ्यांपासून मिलिमीटरच्या अंशाएवढ्या भोवऱ्यांपर्यंत सर्व आकार एकाच वेळी नांदत आहेत. प्रत्येक भोवरा मेशमध्ये पकडायचा ठरवला तर लागणाऱ्या सेलची संख्या ढोबळ नियमाने रेनॉल्ड्स अंकाच्या 9/4 व्या घाताप्रमाणे वाढते. 2 लाखांसाठी ती 85 हजार कोटींच्या घरात जाते. एका सरळ पाइपसाठी हा खर्च कोणी करणार नाही.

म्हणून रोजच्या कामात प्रवाहाची काळानुसार सरासरी घेतली जाते, ज्याची कल्पना रेनॉल्ड्स यांनीच 1895 मध्ये मांडली होती, आणि सरासरीत हरवलेल्या भोवऱ्यांचा परिणाम एका मॉडेलने भरून काढला जातो. उद्योगात सर्वांत रुळलेल्या अशा मॉडेलांपैकी एक म्हणजे के-एप्सिलॉन, ज्याचे प्रचलित रूप लाँडर आणि स्पाल्डिंग यांनी 1974 मध्ये दिले. त्यात 0.09, 1.44, 1.92 यांसारखे एकूण पाच स्थिरांक आहेत. हे आकडे निसर्गनियमातून निघालेले नाहीत; ते निवडक, साध्या प्रवाहांच्या प्रयोगांशी जुळवून घेतलेले आहेत. त्यामुळे आपला प्रवाह त्या प्रवाहांपासून जितका वेगळा, तितका मॉडेलवरचा भरवसा कमी ठेवावा लागतो.

मॉडेल निवडले की भिंतीजवळचा पहिला सेल किती जाड असावा हा प्रश्न येतो, आणि येथे पुन्हा हाताचे गणित उपयोगी पडते. घर्षण गुणांक 0.0156 असेल तर भिंतीवरील घर्षणवेग, म्हणजे सरासरी वेगाला घर्षण गुणांकाच्या आठव्या भागाच्या वर्गमुळाने गुणून येणारी राशी, सेकंदाला सुमारे 0.088 मीटर निघतो. पाण्याच्या गतिक श्यानतेला याने भागले की 0.011 मिलिमीटर येतात. भिंतीपासूनचे अंतर या मापाच्या पटीत सांगितले की त्याला वाय-प्लस म्हणतात; म्हणून हे अंतर म्हणजे वाय-प्लस 1. भिंतीलगतचा अतिशय पातळ थर खरोखर सोडवायचा असेल, तर पहिल्या सेलचा मध्य भिंतीपासून साधारण एवढ्याच अंतरावर हवा. भिंतीसाठी तयार सूत्र, म्हणजे वॉल फंक्शन वापरायचे असेल तर वाय-प्लस 30 च्या वर, म्हणजे येथे सुमारे 0.34 मिलिमीटर अंतर चालते. या दोहोंच्या मधली, 5 ते 30 ही जागा शक्यतो टाळावी, कारण तेथे यांपैकी कोणतेच गृहीतक नीट बसत नाही. मेश करण्यापूर्वी हा आकडा कागदावर काढण्याची सवय नसल्यामुळे अनेकांचे दोन-दोन दिवसांचे गणन वाया जाते.

आता पाइपचे गणित संगणकावर चालवू. पाइप गोल आणि सममित असल्यामुळे संपूर्ण नळी घेण्याची गरज नसते, काही अंशांचा पाचरीसारखा काप पुरतो आणि साधा लॅपटॉपही काम करतो. आत येणाऱ्या तोंडावर सर्वत्र सारखाच 2 मीटर वेग, बाहेर पडण्याच्या तोंडावर दाब शून्य, भिंतीवर वेग शून्य अशा अटी देऊन गणन केले आणि 10 मीटरमधील दाबाची घट पाहिली, तर ती 3,100 पास्कलपेक्षा जास्त येईल. पहिल्यांदा हे पाहणारा विद्यार्थी सॉफ्टवेअरला दोष देतो किंवा मॉडेल बदलू लागतो. कारण वेगळे आहे. डार्सी-वाइसबाख सूत्र पूर्ण विकसित प्रवाहासाठी आहे, तर आपण तोंडाशी सपाट वेग दिला आहे. तो वेग पाइपच्या घर्षणाने आपले नेहमीचे रूप धारण करेपर्यंत, नेहमीच्या अनुभवसूत्रानुसार, व्यासाच्या सुमारे 34 पट, म्हणजे 3.4 मीटर अंतर जाते आणि या भागात घट अधिक असते. शेवटच्या 5 मीटरमधील घट मोजून ती दुप्पट केली की आकडा हाताच्या उत्तराजवळ येतो. सॉफ्टवेअरने त्याला विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर दिले होते, आपल्या मनातला प्रश्न मात्र निराळा होता.

सीमा-अटी आणि सुरुवातीची माहिती यांचे वजन किती असते याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण हवामानशास्त्रातील आहे. लुइस फ्राय रिचर्डसन यांनी 20 मे 1910 या दिवसाच्या नोंदींवरून मध्य युरोपातील एका ठिकाणी सहा तासांत दाब किती बदलेल हे हाताने गणित करून काढले आणि 1922 मध्ये प्रसिद्ध केले. उत्तर आले 145 हेक्टोपास्कल. प्रत्यक्षात दाब जवळपास स्थिर होता. पुढे झालेल्या अभ्यासातून दिसले की त्यांची पद्धत मुळात योग्य होती, पण सुरुवातीला घेतलेल्या वारा आणि दाब यांच्या नोंदी एकमेकींशी मेळ खात नव्हत्या.

याच रिचर्डसन यांच्या नावाने ओळखली जाणारी आणखी एक युक्ती सीएफडीमध्ये रोज लागते. समजा, पाइपसाठी जाड मेशवर 3,300, त्याच्या निम्म्या अंतराच्या मेशवर 3,180 आणि पुन्हा निम्म्या अंतराच्या मेशवर 3,150 पास्कल असे आकडे आले. फरक 120 आणि 30 आहेत, म्हणजे प्रत्येक पायरीला चौपटीने घटत आहेत, आणि दुसऱ्या क्रमाच्या पद्धतीकडून, म्हणजे जिची चूक सेलच्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते तिच्याकडून, हीच अपेक्षा असते. तर मग शेवटच्या आकड्यातून 30 चा तिसरा भाग वजा करून, अनंत बारीक मेशवर 3,140 च्या आसपास उत्तर आले असते असे म्हणता येते. फरक असे शिस्तीत घटत नसतील, तर मेश अजून पुरेशी बारीक नाही किंवा गणनात दुसरा काही घोळ आहे. एकाच मेशवर काढलेले उत्तर हे माझ्या मते उत्तरच नव्हे. येथे कंटाळा येतो हे खरे, कारण तीन मितींमध्ये अंतर निम्मे केले की सेल आठपट होतात, आणि काळानुसार बदलणारा प्रवाह असेल तर काळाची पावलेही निम्मी करावी लागून खर्च सोळापट होतो.

रेसिड्युअल नावाचे घसरत जाणारे आलेख पाहून गणन संपले असे समजण्याची चूकही सर्रास होते. रेसिड्युअल हजाराव्या भागापर्यंत उतरला याचा अर्थ समीकरणांमधील उरलेली तफावत तेवढी कमी झाली, इतकाच. त्याबरोबर आत आलेले पाणी आणि बाहेर गेलेले पाणी जुळते का हे पाहावे, आणि ज्या आकड्यासाठी हा खटाटोप केला, म्हणजे येथे दाबाची घट, तो पुढील काही शे आवर्तनांत हलत नाही ना हेही पाहावे.

आतापर्यंतच्या तपासण्यांनी एवढेच ठरते की समीकरणे नीट सोडवली गेली. ती समीकरणे आपल्या प्रवाहाला लागू होतात का, हा निराळा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर प्रयोगच देऊ शकतो. यासाठी पाइपनंतरचा दुसरा अभ्यास म्हणून मागे उतरणाऱ्या पायरीवरचा प्रवाह घ्यावा: सपाट तळावरून वाहणारा प्रवाह अचानक खाली उतरणाऱ्या पायरीशी सुटतो, मागे भोवरा तयार होतो आणि काही अंतरावर प्रवाह पुन्हा तळाला चिकटतो. ड्रायव्हर आणि सीगमिलर यांच्या 1985 च्या प्रसिद्ध प्रयोगात हे अंतर पायरीच्या उंचीच्या सुमारे 6.3 पट आले. मूळ के-एप्सिलॉन मॉडेल ते ठळकपणे कमी दाखवते आणि मेश कितीही बारीक केली तरी ही तूट भरून निघत नाही, कारण ती गणिताची नसून मॉडेलची आहे. के-ओमेगा एसएसटी मॉडेलवर तेच गणन पुन्हा करून दोन्ही उत्तरे प्रयोगाशेजारी मांडली की कोणत्या प्रवाहात कोणते मॉडेल दगा देते याची समज येऊ लागते. धरणाचा सांडवा किंवा मोठ्या पंपांचे सेवन-कुंड यांसारख्या कामांत आजही खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रासारख्या संस्थांमध्ये लहान प्रमाणातील प्रत्यक्ष मॉडेल बांधून मोजमापे घेतली जातात, ती याच कारणाने. सीएफडी त्यांच्या जोडीने चालते, त्यांची जागा घेत नाही.

साधनांबद्दल फार बोलण्याची गरज नाही. इम्पीरियल कॉलेजमध्ये उगम पावलेले ओपनफोम हे सॉफ्टवेअर 2004 पासून मुक्त स्रोत म्हणून विनामूल्य उपलब्ध आहे, चित्रे पाहण्यासाठी पॅराव्ह्यू आहे आणि आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाने ओपनफोमचे स्पोकन ट्युटोरियल तयार केले आहेत. ओपनफोमचा पहिला सराव बहुतेक ठिकाणी चौकोनी पोकळीचा असतो, ज्यात वरचे झाकण सरकते आणि आतील द्रव फिरू लागतो. त्याची उत्तरे घिया, घिया आणि शिन यांनी 1982 मध्ये रेनॉल्ड्स अंक 100 ते 10,000 साठी तक्त्यात दिली आहेत, म्हणून तोही उत्तर माहीत असलेला प्रश्न ठरतो. नोकरीच्या ठिकाणी बहुधा महागडे व्यावसायिक सॉफ्टवेअर असेल, परंतु या पद्धती माहीत असल्या तर त्याचे मेनू ओळखीचे वाटतात.

तिसरा अभ्यास म्हणून वाऱ्यातील तार घ्यावी. 10 मिलिमीटर जाडीची तार, वारा सेकंदाला 10 मीटर. तारेच्या मागे वरून आणि खालून आळीपाळीने भोवरे सुटतात आणि त्यांची वारंवारता वेगाला जाडीने भागून 0.2 ने गुणले की मिळते, म्हणजे येथे सेकंदाला सुमारे 200. हे गणन स्थिर प्रवाह समजून चालवले तर रेसिड्युअल खाली न उतरता एका पातळीवर डोलत राहतात, आणि येथे सॉफ्टवेअर बिघडलेले नसते: प्रवाहच स्थिर नसल्यामुळे त्याला स्थिर उत्तर सापडत नाही. यावर सेल वाचवण्यासाठी तार सममित आहे म्हणून वरचा अर्धा भागच घेतला आणि मध्यरेषेवर सममितीची अट लावली, तर गणन चटकन स्थिरावते, आलेख सरळ खाली उतरतात आणि भोवरे पूर्णपणे नाहीसे होतात, कारण वरून आणि खालून आळीपाळीने सुटण्याची मुभाच त्यांना उरलेली नसते. आकार सममित असला तरी प्रवाह तसा असेलच असे नाही, आणि ज्या कंपनामुळे तार पुढे थकून तुटू शकते, ते कंपन या नीटनेटक्या उत्तरात कोठेही दिसत नाही.